दहा हजार जहाजांचं आरमार: माणसं कुठून आणणार?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे मराठीत विज्ञान कादंबरी लिहीत आहेत. काळ आजपासून तीनशे वर्षांनंतरचा. माणूस सूर्यमालेत पसरलाय, सगळी मिळून लोकसंख्या दोनशे कोटी, पृथ्वीबाहेर नऊ वस्त्या, आणि या सगळ्यांचं एक सामाईक आरमार. त्यांनी धरलीत दहा हजार जहाजं आणि दर जहाजावर पाचशे माणसं. हा आकडा पटतो का, आणि पटत नसेल तर तो काढायचा कसा, असं त्यांनी विचारलंय. शेवटी एक शेपूट जोडलंय: जहाजं संगणकच चालवणार असतील, तर माणसांचा हिशोब करायचा तरी कशाला?

अंतराळाचा माझा काही संबंध नाही. मी पंधरा वर्षं नौदलात भांडार आणि रसद सांभाळली (मालाडच्या आयएनएस हमलात शिकलो, त्या खात्यातले बहुतेक जण तिथूनच निघतात) आणि नंतरची वीस वर्षं व्यापारी जहाजांवर माणसं पाठवण्याचं काम केलं. कुठल्या जहाजाला कोण कमी पडतंय, कोणाचं कॉन्ट्रॅक्ट कधी संपतंय, रिलीव्हर (बदली माणूस) कुठल्या बंदरात चढवायचा, हेच आयुष्यभर केलं. त्यामुळे आरमार म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे जहाज येत नाही, हजेरीपट येतो.

आधी तुमचाच आकडा तपासू. दहा हजार गुणिले पाचशे म्हणजे पन्नास लाख खाटा. जहाजावरच्या जागेला आमच्याकडे बर्थ म्हणतात, मी इथे खाट म्हणतो. पण एका खाटेला एक माणूस पुरत नाही. तो सुट्टीवर जातो, आजारी पडतो, कोर्सला जातो, नोकरी सोडतो. माझ्या धंद्यात एका खाटेमागे दीड ते पावणेदोन माणसं धरल्याशिवाय गाडी चालत नाही. १.६ धरा, म्हणजे झाले ऐंशी लाख. आता जमिनीवरचे: गोदी, शाळा, इस्पितळं, दारूगोळा, पगार, भरती, हेरखातं, मुख्यालय. जहाजावर जाणाऱ्या एकामागे जमिनीवर दोन हे प्रमाण मला अजिबात जास्त वाटत नाही, ते का ते पुढे सांगतो. एकूण झाले दोन कोटी चाळीस लाख, म्हणजे दोनशे कोटींच्या १.२ टक्के, आणि यात जमिनीवरचं लष्कर अजून आलंच नाही.

हे जमेल का? जमेल. पण शेजारीपाजारी बघा. भारताची तिन्ही सैन्यदलं मिळून साधारण चौदा लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ०.१ टक्का. अमेरिकेचं प्रमाण ०.४ च्या आसपास. एक-दोन टक्क्यांवर इस्राएलसारखा देश असतो, जिथे घराघरातून मुलगा-मुलगी गणवेशात जाऊन येतात. उत्तर कोरिया त्याच्याही बराच पुढे. तेव्हा तुमचा आकडा अशक्य नाही, फक्त भयंकर महाग आहे. तो तसाच ठेवायचा तर तुमच्या महासंघात जवळपास प्रत्येकाच्या नात्यागोत्यात आरमारातलं कोणीतरी असणार, प्रत्येक निवडणुकीत आरमाराचा खर्च हाच विषय असणार, आणि तुमच्या नायिकेचा भाऊ तरी तिथे असणारच. तुम्ही पाठवलेल्या सारांशात आरमार दूरचं आणि सामान्य माणसाला अपरिचित आहे. म्हणजे गोष्ट आणि आकडा एकमेकांशी भांडताहेत. खरी अडचण मला इथे दिसते. दहा हजार बरोबर की चूक हा पुढचा प्रश्न झाला.

म्हणून हिशोब दुसऱ्या टोकाने सुरू करा. एका वेळी, किती ठिकाणी, किती जहाजं हजर हवीत? "एकूण किती" हा आकडा त्यातून आपोआप निघतो.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर एक प्रकरण आहे, ते तुम्ही कादंबरीसाठी जरूर वाचा. त्यात आरमाराची एकूण संख्या अमुक असावी असं न सांगता घटक सांगितलाय: पाच गुराबा आणि पंधरा गलबतं मिळून एक सुभा, आणि त्याच्यावर एक जबाबदार माणूस. तोफा घेऊन उभी राहणारी मोठी जहाजं कमी, धावपळ करणारी लहान जास्त, प्रमाण एकास तीन. शिवाय दोन गोष्टी अशा आहेत की वाचताना मला हटकून माझं ऑफिस आठवलं. एक, पावसाळ्यातली छावणी दरवर्षी एकाच बंदरात करू नये, कारण आरमारी माणसांचा त्या गावाला जाच होतो. दोन, आरमाराचा पगार बंदराच्या उत्पन्नावर लावू नये, कारण मग आरमारवाले व्यापाऱ्यांना पिळतात आणि बंदरच बसतं. तीनशे वर्षांपूर्वी ज्याने हे लिहिलं त्याला माहीत होतं की आरमार म्हणजे सगळ्यात आधी खाणारी, राहणारी आणि पगार मागणारी माणसं. तुमच्या मंगळावरच्या बंदराला आरमाराची छावणी पडली की काय होतं, यावर एक अख्खं प्रकरण निघेल.

पावसाळ्यावरून आठवलं. तुमच्या जहाजांचं इंजिन कसलं आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि या हिशोबात सगळ्यात जास्त त्याच्यावर अवलंबून आहे. आजच्यासारखी कमीत कमी इंधनाची वाट धरलीत, तर पृथ्वीहून मंगळाला साडेआठ-नऊ महिने लागतात आणि निघायचा मुहूर्त दर सव्वीस महिन्यांनी येतो. म्हणजे नारळी पौर्णिमाच सव्वीस महिन्यांनी एकदा. अशा जगात मंगळावर जे आहे तेच तुमचं आरमार, कुमक येणार नाही. गुरूकडे त्याच पद्धतीने जायला पावणेतीन वर्षं. उलट मंगळ दोन आठवड्यांत गाठणारं इंजिन असेल, तर एक मधला राखीव ताफा सगळीकडे धावू शकतो आणि जहाजं निम्म्याने कमी लागतात. आधी हे ठरवा. मी पुढच्या हिशोबात मधला वेग धरतो: आतल्या वस्त्यांना महिना-दोन महिने, बाहेरच्यांना पाच-सहा.

तुमच्या नकाशावर नऊ वस्त्या आणि तीन मोठे मालवाहतुकीचे मार्ग आहेत. समजा प्रत्येक वस्तीपाशी सतत चार गस्ती जहाजं हवीत, ती झाली छत्तीस. प्रत्येक मार्गावर दहा, ती तीस. आणि मध्ये एक राखीव ताफा चोवीसचा. एका वेळी हजर नव्वद. आता याची तिप्पट करा. नौदलात हे गणित सगळ्यांच्या तोंडी असतं: एक जहाज कामावर, एक जाण्याच्या किंवा येण्याच्या वाटेवर नाहीतर सरावात, आणि एक गोदीत. गोदीत गेलेलं जहाज सांगितलेल्या तारखेला बाहेर आलंय असं मी माझ्या नोकरीत फार कमी वेळा पाहिलं, म्हणून तीन हा आकडासुद्धा उदारच आहे. प्रवास लांबला की तो चारवर जातो. आपण तीनच धरू: लढाऊ जहाजं २७०. त्यांच्यामागे इंधन, रसद, दुरुस्ती, ओढकाम आणि इस्पितळ-जहाजं लढाऊच्या निम्मी, म्हणजे १३५. एकूण ४०५.

दहा हजारांवरून चारशेवर आलो म्हणून नाराज होऊ नका. अमेरिकेचं आजचं नौदल साधारण तीनशे जहाजांचं आहे आणि ते जगभर दिसतं. वाचकाला चारशे जहाजं पुष्कळ वाटतील, फक्त ती कुठे आहेत हे त्याला माहीत असायला हवं.

आता एका जहाजावर किती माणसं. इथे बहुतेक लेखक जहाजाची लांबी बघून माणसं ठरवतात, आणि घोडं तिथेच पेंड खातं. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात अडकलेलं 'एव्हर गिव्हन' आठवतंय ना? चारशे मीटर लांब, आणि त्यावर खलाशी-अधिकारी मिळून पंचवीस माणसं, सगळी भारतीय. आपली 'विक्रांत', जी सप्टेंबर २०२२ मध्ये कोचीला नौदलात दाखल झाली, ती २६२ मीटरची आणि तिच्यावर सोळाशेच्या आसपास माणसं. लांबी दोन-तृतीयांश, माणसं साठपट! कारण व्यापारी जहाजाला एकच काम: माल घेऊन इथून तिथे जायचं. मोठी दुरुस्ती बंदरात होते, कोणी गोळी घालत नाही, आग हाताबाहेर गेली तर जीवरक्षक बोटी पाण्यात सोडून उतरायचं. लढाऊ जहाजाला फुटल्यावरसुद्धा चालायचं असतं. १८०५ साली ट्रॅफल्गारला 'व्हिक्टरी' या शंभर तोफांच्या जहाजावर आठशेवर माणसं होती, ती काय शिडं ओढायला नव्हती. एकेका मोठ्या तोफेला दहा-बारा माणसं लागत, म्हणून होती. जहाज नुसतं चालवायला त्यातली थोडीच पुरली असती.

म्हणून मी माणसं मोजायच्या आधी खुर्च्या मोजतो. कागद घ्या आणि लिहा: चोवीस तास कोणती खुर्ची रिकामी ठेवता येणार नाही? तुमच्या गस्ती जहाजावर मला दहा दिसतात. पुलावर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या कक्षात, चार (वॉचवरचा, म्हणजे पाळीवरचा अधिकारी, सुकाणू, दूरसंचार, रडारसारखं जे काही असेल ते), अणुभट्टी आणि इंजिनाच्या नियंत्रण कक्षात तीन, हवा-पाणी सांभाळायला दोन, आग-गळती बघणाऱ्या कक्षात एक. आठवड्याचे तास १६८. समुद्रावर चार तास वॉच, आठ तास सुटी असं चक्र धरलं तर एक माणूस आठवड्याला ५६ तास खुर्चीत बसतो, म्हणजे एका खुर्चीला बरोबर तीन माणसं. दहा खुर्च्या, तीस माणसं. त्यात कोणी आजारी पडायचं नाही. म्हणून तेहतीस.

जमिनीवर हेच गणित वेगळं होतं, हे विसरू नका. वर्षाचे तास ८,७६०. साप्ताहिक सुट्ट्या, रजा, सण, प्रशिक्षण वजा जाता जमिनीवरचा माणूस वर्षाला दोन हजार तासांच्या आसपास हातात येतो. म्हणजे त्याच खुर्चीला साडेचार-पाच माणसं. तुमच्या चंद्रावरच्या मुख्यालयात युद्धकक्षात वीस खुर्च्या असतील, तर ती शंभर माणसांची नोकरी आहे.

परत जहाजावर. वॉचवाले झाले तेहतीस. मग दुरुस्तीवाले. हा गट लेखक हमखास विसरतात आणि वॉचवाल्यांखालोखाल जहाजावर हाच मोठा असतो: यंत्र, वीज, नळ, वातानुकूलन, इलेक्ट्रॉनिक्स धरून पंचवीस. शस्त्रास्त्रं वीस. दोन लहान यानं, त्यांचे चालक आणि मेकॅनिक मिळून चौदा. दुसऱ्या जहाजावर चढून झडती घेणारी तुकडी सोळा. भांडार चार, वैद्यकीय तीन, कप्तान-उपकप्तान-कचेरी सहा. स्वयंपाकघर सहा. बेरीज १२७. वर पाच-सात शिकाऊ, कारण पुढची माणसं कुठेतरी शिकायलाच हवीत. धरा १३५.

मग उलट तपासायचं. लढाईत सगळ्या खुर्च्या एकाच वेळी भरतात आणि वर आग-गळतीच्या बारा-बारा जणांच्या तीन टोळ्या लागतात. ती छत्तीस माणसं कुठून येतील? वॉच नसलेले, भांडारवाले, कचेरीवाले, स्वयंपाकी यांच्यातूनच. नौदलात आचारी फक्त आचारी कधीच नसतो, भोंगा वाजला की त्याची जागा स्ट्रेचरवर किंवा पाण्याच्या नळीवर ठरलेली असते. भिंतीवर लावलेल्या तक्त्यात त्याचं नाव दोनदा असतं. तुमच्या कादंबरीत हा तक्ता एकदा तरी दाखवा. नायिकेचं नाव कुठल्या दोन रकान्यांत आहे, यावरून तिच्याबद्दल बरंच कळेल.

स्वयंपाकघराबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण त्यात माझे केस पांढरे झालेत. एका जहाजावर आम्ही घाईत एक नवा चीफ कुक चढवला. कागद चोख होते. दहा दिवसांत कप्तानाची ईमेल आली, मग इंजिनरूममधून फोन, मग कोणाच्या तरी बायकोचा फोन की "अहो, आमचे हे दोन वेळा नुसती बिस्किटं खातायत." वर गोव्याचे, कोकणातले, उत्तर प्रदेशचे, तमिळ असे सगळे. प्रत्येकाला डाळ वेगळी हवी, आणि हा बाबा सगळ्यांना एकच पांढरी ग्रेव्ही घालत होता. पुढच्या बंदरात तो बदलला. त्या तीन आठवड्यांत दोघांनी कॉन्ट्रॅक्ट संपायच्या आधी उतरायचा अर्ज दिला होता. तुमच्या जहाजावर पुढचं बंदर पाच महिन्यांवर आहे. पंचवीस माणसांमागे एक चांगला आचारी हा माझा आकडा, आणि यात मी एकदाही काटकसर केलेली नाही.

खाण्याचं वजनही धरा. अंतराळवीराला पॅकिंगसकट दिवसाला पावणेदोन-दोन किलो अन्न लागतं आणि ८४० ग्रॅमच्या आसपास प्राणवायू. पाणी बरंच परत वापरता येतं, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर ते ९८ टक्क्यांपर्यंत गेलंय. अन्नाचं तसं नाही. तुमच्या पाचशे माणसांच्या जहाजाला नऊ महिन्यांचं, दिवसाला १.८ किलोने, २४३ टन अन्न होतं. सबंध अंतराळ स्थानकाचं वजन ४२० टनांच्या घरात आहे, आणि तिथे सात माणसं राहतात. म्हणून पाचशे माणसं ठेवायची तर जहाजावर शेती दाखवा आणि शेतीला माणसं दाखवा, नाहीतर मागे रसदेची जहाजं दाखवा. दोन्ही नसेल तर चौथ्या महिन्यात काय होतं ते दाखवा.

इथवरचं एकदा जुळवून घेऊ. गस्ती जहाज १३५ चं, पण २७० मध्ये काही मोठी असणार, म्हणून सरासरी २२०. २७० गुणिले २२० म्हणजे ५९,४००. सहायक १३५ जहाजांवर सरासरी साठ, म्हणजे ८,१००. एकूण खाटा ६७,५००. १.६ ने गुणा, एक लाख आठ हजार. जमिनीवरचे दुप्पट धरून एकूण सव्वातीन लाखाला थोडं कमी. आता ताळा बघा: अमेरिकेच्या नौदलात तीनशेच्या आसपास जहाजं आणि सव्वातीन ते साडेतीन लाख माणसं, म्हणजे जहाजामागे अकराशे. आपल्या नौदलात दीडशेच्या आसपास जहाजं-पाणबुड्या आणि पासष्ट-सत्तर हजार माणसं, म्हणजे जहाजामागे साडेचारशे. तुमचं पडतंय आठशे. मधोमध. जहाजामागे आठशे आणि जहाजावर दीडशे-दोनशे, हा फरक कुठे जातो हे आता कळलं असेल. मघाशी एकामागे दोन म्हणालो ते यामुळेच.

हे सव्वातीन लाख दोनशे कोटींत ०.०१६ टक्के आहेत. म्हणजे आरमार सामान्य माणसाला अपरिचित आहे हे तुमचं म्हणणं आता आपोआप खरं ठरतं. ते दसपट केलंत तरी भारताच्या आजच्या प्रमाणाच्या थोडंच वर जातं. चारशे ते चार हजार जहाजं यातला कुठलाही आकडा तुम्ही निर्धास्त घ्या. कुठे थांबायचं ते तुमच्या महासंघाला किती भीती वाटते त्यावर.

आता माझा आवडता विषय, सुट्टी. व्यापारी जहाजांवर आंतरराष्ट्रीय नियमाने माणसाला चोवीस तासांत किमान दहा आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती द्यावी लागते, आणि सलग बारा महिन्यांच्या आत घरी सोडावं लागतं. २०२० मध्ये कोविडमुळे बंदरं बंद झाली आणि जगभरातली सुमारे चार लाख माणसं कॉन्ट्रॅक्ट संपूनही जहाजांवरच अडकली. आमचा एक सेकंड इंजिनियर चौदा महिने वर होता. पहिले दोन महिने तो रोज विचारायचा, "सर, रिलीव्हर कधी?" मग आठवड्यातून एकदा. मग त्याने विचारणं सोडलं, आणि मला तीच जास्त भीती वाटली. त्याच्या कामात चूक नव्हती, पण त्याच्या हाताखालच्या मोटरमनने (इंजिनरूममधल्या खलाशाने) सांगितलं की साहेब आता एकच गोष्ट दोनदा लॉगबुकात लिहितात. उतरल्यावर त्याने परत समुद्र बघितला नाही. दहा-अकरा वर्षांचा अनुभव एका रिलीव्हरपायी गेला.

लष्करी जहाजांवर हे अजून महागात पडतं. २०१७ च्या जून आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या 'फिट्झजेराल्ड' आणि 'जॉन मॅकेन' या दोन विनाशिका मालवाहू जहाजांवर आदळल्या, सतरा खलाशी गेले. चौकशीत अपुरं प्रशिक्षण आणि थकवा दोन्ही निघाले. जहाजांवरची माणसं आठवड्याला शंभर तासांवर काम करत असल्याचं त्याच वर्षीच्या सरकारी तपासणीत आलं होतं. तुमच्या जहाजाला गुरूपर्यंत सहा महिने लागत असतील, तर तिथली नेमणूक दीड-दोन वर्षांची होईल, आणि मग दोन वाटा उरतात. एक, अमेरिकेच्या अण्वस्त्रवाहू पाणबुड्यांसारखं एका जहाजाला दोन संपूर्ण संच द्या, निळा आणि सोनेरी; जहाज तिथेच राहतं, माणसं बदलतात. दुसरी, कुटुंबं सोबत न्या. मग शिक्षक, सुईण, पाळणाघर सगळं आलं, आणि खाटांपैकी तिसरा हिस्सा गणवेश नसलेल्यांचा झाला. पहिली वाट घेतलीत तर माझा १.६ हा आकडा बाहेरच्या जहाजांसाठी दोन-अडीच करा.

भरतीबद्दल एकच गोष्ट. व्यापारी नौदलात कॅडेट म्हणून चढलेला मुलगा कप्तान व्हायला दहा-बारा वर्षं घेतो. जहाजं मात्र जिवावर आलं की झपाट्याने होतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने चार वर्षांत २,७१० लिबर्टी जहाजं पाण्यात सोडली. तुमच्या दुसऱ्या भागात युद्ध सुरू झाल्यावर आरमार दोन वर्षांत दुप्पट होतं. लोखंड दुप्पट होईल. खलाशी सहा महिन्यांत तयार होतील. पण चारशे कप्तान आणि चारशे मुख्य अभियंते आडातच नाहीत, तर पोहऱ्यात कुठून येणार? निवृत्तांना परत बोलवावं लागेल, अठ्ठावीस वर्षांच्यांना बढती द्यावी लागेल, आणि जुन्या जहाजांतली अर्धी शहाणी माणसं काढून नव्यांवर पाठवावी लागतील, म्हणजे दोन्ही कच्ची. मंगळापर्यंत संदेशाला तीन ते बावीस मिनिटं लागतात, तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या कप्तानाला वेळेवर विचारायला कोणी नसेल.

आणि तुमचं शेपूट: सगळं संगणकच चालवत असेल तर? अमेरिकेने किनाऱ्यालगत लढायला एक जहाज काढलं, मुख्य संच फक्त चाळीस माणसांचा, बाकी स्वयंचलित. काही वर्षांत तो आकडा वाढवावा लागला, कारण दुरुस्ती करायला आणि आळीपाळीने झोपायला माणसं उरत नव्हती. जहाजावरून काढलेलं काम किनाऱ्यावर कंत्राटदारांकडे गेलं. संगणक माझ्या यादीतल्या पहिल्या दहा खुर्च्यांपैकी सहा-सात नक्की रिकाम्या करेल. पंचवीस दुरुस्तीवाल्यांपैकी किती करेल हे तुम्ही ठरवा, पण जो पंप बंद पडलाय त्याच्या मागच्या बाजूला हात घालायला तिथे कोणीतरी लागेल. यंत्रमानव घालणार असाल तर त्याच्या दुरुस्तीचं खातं उघडा. माझा अंदाज, १३५ चे सत्तर होतील. सात होणार नाहीत.

सारांशात तुमच्या मुख्य जहाजाचं नाव 'सह्याद्री' आहे आणि त्यावर चारशे वीस माणसं आहेत. त्यांचा खुर्च्यांचा कागद करून पाठवा, मी तपासून देतो. अणुभट्टीपाशी तुम्ही रात्री एकच माणूस ठेवलेला दिसतोय. तो लघवीला कधी जातो?